स्नॅच: दंगलीतली गाडी युद्धावर गेली तेव्हा

स्नॅच लँड रोव्हर या ब्रिटिश लष्कराच्या हलक्या चिलखती गाडीच्या मागच्या कप्प्यात जवान समोरासमोर बसत. गुडघ्याला गुडघा लागेल इतकीच जागा, बाहेर पडायला मागचं दार. छताच्या झरोक्यातून दोघे जण कमरेपासून वर बाहेर उभे राहत, बंदुका रोखून. त्यांचे बूट आत बसलेल्यांच्या अगदी जवळ. भिंतींना पोलादी पत्रा नव्हता; फायबरग्लाससारख्या तंतूंचे थर राळेत दाबून केलेलं कवच होतं. त्यामुळेच सगळी गाडी 4 टनांच्या आसपास राहिली आणि लँड रोव्हर डिफेंडरच्या सांगाड्यावर पळू शकली. दगड, पेट्रोल बॉम्ब, रायफलीची गोळी हे सगळं ती झेलायची. रस्त्यात पुरलेल्या किंवा कडेला ठेवलेल्या मोठ्या स्फोटापुढे मात्र ती जवळजवळ उघडीच होती.

इराक आणि अफगाणिस्तानात या गाडीत किमान 37 ब्रिटिश सैनिक मारले गेले.

हलकी चिलखती वाहनं लढाईसाठी घ्यावीत की सरावापुरती ठेवावीत, या प्रश्नावर मला हे प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. एकाच जातीच्या गाडीने दंगलीत काम केलं, युद्धात केलं आणि शेवटी ती कुंपणाआतल्या ने-आणीवर व सरावावर आली. प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेणारी माणसं शहाणी होती, अनुभवी होती. तरीही व्हायचं ते झालं.

दगडांसाठी केलेली गाडी

1992 मध्ये ही गाडी ब्रिटिश लष्करात आली ती उत्तर आयर्लंडसाठी. जमावात घुसून म्होरक्याला झडप घालून उचलणाऱ्या तुकड्यांवरून तिला 'स्नॅच' हे नाव पडलं. गरज नेमकी होती. बेलफास्टच्या गल्लीत शिरायचं, वरून येणारे दगड आणि बाटल्या झेलायच्या, एखाद्या खिडकीतून गोळी आली तर आतल्यांना वाचवायचं. हे सगळं रणगाड्यासारखं न दिसता करायचं, कारण समोर आपल्याच देशाचे नागरिक होते. त्या कामाला ती चोख होती. जवळपास 1000 गाड्या घेतल्या गेल्या.

हे मी मुद्दाम ठासून सांगतो आहे. पुढे जे घडलं त्यामुळे तिच्यावर 'मुळातच भंगार' असा शिक्का बसला. तो शिक्का मारून मोकळं झालं की या प्रकरणातून हाती काही लागत नाही. गाडीने जे वचन दिलं होतं ते तिने पाळलं. ते वचन बेलफास्टपुरतं होतं, आणि गाडी बेलफास्टबाहेर गेली तेव्हा हे लक्षात ठेवण्याचं काम कोणाकडेच नव्हतं.

2003 च्या स्वारीत ब्रिटिश फौजा रणगाडे आणि वॉरिअर या जड चिलखती गाड्या घेऊन दक्षिण इराकमध्ये शिरल्या. बसरा आणि मेसान प्रांत त्यांच्याकडे आले. मग काम बदललं. बाजारातून फिरायचं, पोलीस ठाण्यांना भेटी द्यायच्या, लोकांशी बोलायचं. या कामाचा उत्तर आयर्लंडमधला तीसहून अधिक वर्षांचा अनुभव गाठीशी होता आणि त्या अनुभवातून तयार झालेली गाडीही हाताशी होती. बिनचिलखती लँड रोव्हरमधून गस्त घालण्यापेक्षा स्नॅच कधीही बरी. म्हणून गाड्या इराकला पाठवल्या. त्या दिवशी ती सुधारणाच होती, आणि मी त्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

तांब्याची थाळी

चूक पाठवण्यात झाली नाही. धोका बदलल्यावर ती परत आणली गेली नाही, तिथे झाली. म्हणून धोका कसा बदलला ते जरा जवळून बघायला हवं.

सुरुवातीला रस्त्याकडेचे बॉम्ब ओबडधोबड होते, बरेचसे रेडिओ लहरींनी उडवले जाणारे. ब्रिटिशांकडे लहरी जाम करणारी यंत्रं होती, त्यातही आयर्लंडचाच धडा. मग 2005 पासून दक्षिण इराकमध्ये वेगळ्या प्रकारचा बॉम्ब वारंवार दिसू लागला. एक नळकांडं, आत ठासून भरलेली स्फोटकं आणि तोंडावर तांब्याची, आत दबलेली उथळ थाळी. स्फोट झाला की ती थाळी उलटी होते, लांबोळ्या गोळ्याचा आकार घेते आणि सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने सुटते. नळकांडं फेसाच्या खोट्या दगडात लपवून तो दगड रस्त्याच्या कडेला टाकला की गस्तीवरच्या माणसाला तो हजार दगडांतला एक दिसतो. आणि तो उडवायला रेडिओ लागत नाही. चोर आला की वाजणाऱ्या घंटेत जो उष्णता ओळखणारा डोळा असतो तसाच डोळा इथे बसवलेला. गाडी समोरून गेली की काम झालं. लहरी जाम करणारं यंत्र मागच्या कप्प्यात चालू असूनही उपयोग शून्य.

16 जुलै 2005 ला मेसानमधल्या अमारा शहरात गस्तीवरच्या स्नॅचजवळ स्फोट झाला आणि तीन तरुण सैनिक ठार झाले. त्यांच्यातल्या एकाच्या आईने पुढे बारा वर्षं हा विषय सोडला नाही. तिच्याकडे नंतर वळतो.

जड गाडी असती तर सगळे वाचले असते, असं कोणी छातीठोकपणे म्हणत असेल तर तेही खरं नाही. एप्रिल 2007 मध्ये बसऱ्याजवळ वॉरिअरखाली मोठा स्फोट झाला आणि आतले चार सैनिक व त्यांचा दुभाषा मारले गेले. वॉरिअर स्नॅचच्या कितीतरी पट जड. तांब्याचा तो गोळा पोलादातूनही जातो. फरक पडतो तो प्रमाणात: किती स्फोटांत आतली माणसं जिवंत राहतात, किती जण चालत बाहेर येतात. सेनापती याच प्रमाणावर निर्णय घेतात. स्नॅचच्या बाबतीत ते प्रमाण वाईट होत चाललं होतं आणि जवानांना ते कळत होतं. ब्रिटिश वर्तमानपत्रांत 'फिरती शवपेटी' हे शब्द छापून येऊ लागले.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं

स्नॅच ठेवा म्हणणारे निर्दयी नव्हते. त्यांचा युक्तिवाद आजही टिकतो, आणि हलक्या गाड्यांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो नीट ऐकावा.

20 टनांपेक्षा जड गाडी जुन्या वस्तीतल्या गल्लीत वळत नाही. पुलांवर चढताना विचार करावा लागतो. ती मोजक्याच रस्त्यांवरून जाऊ शकते, आणि रस्ते मोजके झाले की शत्रूला बॉम्ब कुठे ठेवायचा ते आपोआप कळतं. हलकी गाडी रोज नवी वाट धरू शकते. शिवाय जाड काचेआडून लोकांशी बोलता येत नाही, आणि लोकांशी बोलणं हेच तर काम होतं. 12 जून 2006 ला संरक्षण खरेदीचे मंत्री लॉर्ड ड्रेसन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये याच अर्थाचं उत्तर दिलं: स्नॅच या कामाला अयोग्य आहे हे मला मान्य नाही, कवच आणि जिवंत राहण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चपळाईसाठी काही तडजोड करावी लागते.

हा भेद तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण तो त्या गाडीला, त्या महिन्यात, त्या रस्त्यांवर लागू होत नव्हता. सेन्सरने उडणाऱ्या बॉम्बापुढे चपळाईचा काय उपयोग? गाडी त्याच्या समोरून ताशी 20 ने जावो की 60 ने. चपळाई उपयोगी पडते ती वेगळा रस्ता निवडण्यात, आणि अमारासारख्या शहरात तळातून बाहेर पडायचे रस्तेच थोडे.

सरकारलाही ते उमगलं असावं. त्याच महिन्याच्या अखेरीला संरक्षण मंत्री डेस ब्राउन यांनी फेरविचार जाहीर केला आणि जुलैमध्ये अमेरिकेतल्या कूगर या जड, सुरुंगरोधक गाडीवर बेतलेल्या सुमारे 100 गाड्या घेण्याचा निर्णय सांगितला. ब्रिटिशांनी तिला मॅस्टिफ म्हटलं. 2006 संपता संपता पहिल्या गाड्या इराकमध्ये पोचल्या. निर्णय झाल्यापासून काही महिन्यांत! म्हणजे गाडी जगात होती, कारखाना होता, पैसे निघू शकत होते. आधीच्या तीन वर्षांत अडलं होतं ते कुठे?

त्यात एक बोचणारी गोष्ट अशी की मॅस्टिफसारखी, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची गाडी हा काही नवा शोध नव्हता. दक्षिण आफ्रिकेने 1970 च्या दशकापासून बफेल आणि कॅस्पिर गाड्यांत तोच तळ वापरला. स्फोटाचा दाब उतरत्या भिंतींवरून दोन्ही बाजूंना निसटतो, आतला माणूस जमिनीपासून उंच असतो, चाकं उडून जातात पण डबा शाबूत राहतो. ब्रिटनने स्वतः बोस्नियासाठी मांबा जातीच्या अशा काही गाड्या घेतल्याही होत्या. तिथलं काम आटोपल्यावर त्या विकून टाकल्या.

घाईत घेतलेल्या सगळ्याच गाड्या मॅस्टिफसारख्या उजव्या निघाल्या नाहीत. अफगाणिस्तानात स्नॅचच्या जागी आणलेली व्हेक्टर ही सहा चाकी पिंझगाउअरवर चिलखत चढवून केलेली. वजनाने तिची चाकं आणि सस्पेन्शन जेरीस आलं, आणि चालक पुढच्या चाकाच्या अगदी वर बसायचा, म्हणजे चाकाखाली सुरुंग फुटला की पहिला फटका त्यालाच. तीही मागे घ्यावी लागली. तहान लागल्यावर विहीर खणली की पाणी गोडच लागेल याची खात्री नसते. तोवर अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात स्नॅच धावतच होत्या. 17 जून 2008 ला लष्करगाहजवळ एका स्नॅचखाली स्फोट होऊन चार जण मेले. त्यांच्यात अफगाणिस्तानात मारली गेलेली पहिली ब्रिटिश महिला सैनिक होती.

सरावाची गाडी वेगळी असली तर

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येतो. याच्याकडे खरेदीच्या चर्चेत सहसा कोणी वळून बघत नाही.

'हलक्या गाड्या सरावाला, जड गाड्या लढाईला' हे ऐकायला किती सोयीचं वाटतं! हलकी गाडी स्वस्त, इंधन कमी खाते, बिघडली तर दुरुस्त करायला सोपी. स्नॅचच्या दुसऱ्या पिढीत सरावासाठी साधा, वातानुकूलन नसलेला नमुनाही निघाला. पण 4 टनांच्या गाडीवर हात बसलेला चालक 20 टनांहून जड, उंच गाडीत बसला की त्याचे हात खोटं बोलू लागतात. वळण कुठे घ्यायचं, कडेची माती किती वजन पेलेल, ब्रेक किती आधी दाबायचा, याचा शरीराने धरलेला अंदाज चुकतो. व्ही आकाराच्या तळाने गाडी उंच होते, गुरुत्वमध्य वर जातो, आणि कालव्याकाठचा कच्चा बांध ढासळला की गाडी कलंडते. जून 2008 च्या अखेरीस कंदाहार भागात अमेरिकन विशेष दलाची अशीच एक सुरुंगरोधक गाडी पाण्यात उलटली आणि तिघे बुडून मेले. बॉम्बापासून वाचवणाऱ्या गाडीत.

अमेरिकन लष्कराने यावर उपाय काढला तो मला फार आवडतो. हमव्ही या त्यांच्या नेहमीच्या लष्करी गाडीचा नुसता डबा एका फिरत्या सांगाड्यावर बसवला. जवान पूर्ण साजासह आत बसतात, पट्टा लावतात, आणि डबा हळूहळू कलायला लागतो. 25 अंशांवर तो थांबवतात. हा हमव्हीचा धोक्याचा कोन, यापुढे ती परत येत नाही. तो कोन आकड्याने सांगून कळत नाही. मान, पोट आणि पकडलेली मूठ यांना तो कळावा लागतो. मग डबा पूर्ण उलटा करतात. आता डोकं खाली, पट्टा छातीत रुतलेला, वर काय आणि खाली काय याचा गोंधळ. एक हात छताला टेकवून पट्टा सोडायचा, नाहीतर मानेवर पडाल. दार माणसापेक्षा जड, आणि ते आता उलट्या दिशेने ढकलायचं. पुढे हेच यंत्र मोठ्या सुरुंगरोधक गाड्यांच्या डब्याचंही केलं. डबा मात्र खऱ्या गाडीचाच हवा. दुसऱ्या गाडीच्या दाराची कडी शोधायला शिकलेला हात पाण्याखाली चुकीच्या जागी चाचपडत राहील.

ब्रिटनमध्ये नेमकं इथेच दुखत होतं. तातडीच्या खरेदीत घेतलेल्या गाड्या थेट युद्धभूमीवर जात. मागे देशात सरावासाठी पुरेशा उरत नसत. 2009 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने यावर बोट ठेवलं: जाणाऱ्या तुकड्यांना नव्या साधनांवर सराव करायला साधनंच कमी पडतात. ज्या गाडीवर जीव अवलंबून, तिची पहिली नीट ओळख रणांगणावर व्हायची.

म्हणून माझं मत असं आहे की सरावासाठी वेगळी, स्वस्त, हलकी गाडी घेणं ही बचत नव्हे. लढाईसाठी 100 गाड्या हव्या असतील तर सरावाच्या, दुरुस्तीतल्या आणि राखीव गाड्या धरून मागणी करा. तेवढे पैसे नसतील तर 100 गाड्यांचं काम आपल्याला परवडत नाही हे आधी मान्य करा. जुन्या हलक्या गाड्यांना सरावात जागा जरूर आहे. रेडिओवर बोलणं, ताफ्यातलं अंतर राखणं, उतरून पांगणं, जखमीला बाहेर काढायचा क्रम, हे सगळं त्यांच्यावर शिकता येतं. चालवणं आणि उलटलेल्या गाडीतून सुटणं मात्र खऱ्या गाडीवरच शिकायला हवं.

कोणाचं काम होतं?

इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल 6 जुलै 2016 ला आला. त्यातला गस्तीच्या गाड्यांवरचा भाग मी या प्रकरणाचा गाभा मानतो. समितीने म्हटलं की मध्यम वजनाच्या संरक्षित गस्ती गाड्या मिळायला झालेला उशीर खपवून घ्यायला नको होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशी उणीव हेरून ती मांडण्याची जबाबदारी संरक्षण मंत्रालयात नेमक्या कोणत्या व्यक्तीची किंवा विभागाची होती, हे स्पष्ट नव्हतं. ते असायला हवं होतं. आणि पैसा हा थेट अडथळा नव्हता. अडथळा होता तो दूरवरच्या स्वप्नाचा.

ते स्वप्न म्हणजे फ्रेस नावाचा प्रकल्प. मध्यम वजनाच्या, आधुनिक चिलखती गाड्यांचं एक अख्खं कुटुंब. वरिष्ठांची नजर त्यावर इतकी खिळली होती की आज गस्तीवर निघालेल्या गाडीचा विचार मागे पडला. फ्रेस ठरल्याप्रमाणे कधीच आलं नाही. त्यातून उरलेली एजॅक्स ही गाडी 2014 च्या करारानंतरही चाचण्यांतच अडखळत राहिली, आणि तिच्या आवाजाने व थरथरीने चाचणी घेणाऱ्या सैनिकांच्याच कानांना इजा झाली.

स्नॅचची खरी जागा घेतली ती फॉक्सहाउंडने. 2010 मध्ये 200 गाड्यांची मागणी नोंदवली आणि 2012 मध्ये त्या अफगाणिस्तानात उतरल्या. साडेसात टन वजन, व्ही तळ, आणि स्फोटात चाकं-सस्पेन्शन गेलं तरी माणसांचा डबा वेगळा टिकावा अशी रचना. म्हणजे हलकी गाडी लढाईत चालते. तिचा जन्म त्या लढाईसाठी झालेला असला पाहिजे, एवढंच. 'हलकी घ्यावी की नाही' या प्रश्नाला माझं उत्तर 'घ्यावी' असंच आहे. पण खरेदीच्या पहिल्याच कागदावर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: ही गाडी कोणत्या धोक्यासाठी आहे, कोणता धोका दिसला की ती लष्करी तळाबाहेर जाणार नाही, आणि तो हुकूम कोणाच्या सहीने निघेल. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण गस्त तर उद्या सकाळीही निघायची असते. गाडी मागे घेणाऱ्याला 'मग जवान कशातून जाणार?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. त्याच्याकडे पर्याय नसेल तर गस्त रद्द करण्याचा अधिकार तरी हवा.

प्रश्न आजही जिवंत आहे. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकेने 20 हजारांहून अधिक सुरुंगरोधक गाड्या घेतल्या, मग त्यांतल्या कितीतरी अफगाणिस्तानातच मोडीत काढल्या. 2025 मध्ये अमेरिकन लष्कराने जेएलटीव्ही या चिलखती गाडीची पुढची खरेदी थांबवून पिकअप ट्रकच्या सांगाड्यावरच्या, चिलखत नसलेल्या नऊ जणांच्या गाडीवर भर दिला. वरून ड्रोन सगळं बघत असताना लपणं आणि पळणं हेच कवच, असा त्यामागचा विचार. तो कदाचित बरोबरही असेल. पण ती गाडी कोणत्या परिस्थितीत बाहेर काढायची नाही, हे कोणी लिहून ठेवलं आहे का, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

अमारात मुलगा गमावलेल्या त्या आईने आणि इतर कुटुंबांनी मंत्रालयाला कोर्टात खेचलं. सरकारचं म्हणणं होतं की युद्धातले निर्णय कोर्टाच्या कक्षेबाहेर असतात. जून 2013 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारला मिळणारं हे कायदेशीर संरक्षण प्रत्यक्ष लढाईपुरतं आहे. लढाईपासून दूर, आधी केलेल्या तयारीच्या आणि साधनांच्या निर्णयांना ते आपोआप लागू होत नाही. दावे पुढे चालू शकले. ऑगस्ट 2017 मध्ये तडजोड झाली आणि संरक्षण मंत्री मायकेल फॅलन यांचं पत्र तिच्या हाती आलं. त्यात त्यांनी माफी मागितली होती: ज्यांनी जीव वाचू शकले असते अशी दुसरी संरक्षित वाहनं सेवेत आणायला उशीर झाला, त्याबद्दल.